एकच फलाट

बेरिकच्या स्टेशनात फलाट एकच.
या कडेला उभं राहिलं की एडिनबरा,
पाठ फिरवली की न्यूकॅसल.
दोन्हीकडे पाऊण तास, मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे.
एकवीस वर्षं मी या खिडकीमागून तिकिटं देते.
कुठे जायचं ते लोक ठरवूनच येतात,
मी एवढंच विचारते:
जाऊन-येऊन, की नुसतं जायचं?

घरी हा प्रश्न मी विचारत नाही.
घरी टेबलावर दोन पत्रं आहेत,
एल्स्पेथनं लायब्ररीत छापून आणलेली,
आणि मधे मिठाची बरणी,
जणू एकमेकांना शिवली तर भांडतील.

"दोन्हीकडे कायदाच ना?" माझे वडील म्हणाले.
जन्म गेला त्यांचा ट्वीडमध्ये साल्मनची जाळी ओढण्यात.
मासा कधी विचारत नाही पाणी कुणाचं.
"नाही आजोबा. तिथला कायदा वेगळा, इथला वेगळा.
तिथली किल्ली इथल्या कुलपाला लागत नाही."
मग अडखळत म्हणाली, तिथे चार वर्षं, इथे तीन.
आणि आपण तीन मैल उत्तरेला राहत असतो
तर तिथे फी पडली नसती.

"तीन मैल!" म्हातारा खोकेपर्यंत हसला.
"तेवढं तर मी चिडलो की चालून येतो."

मी विजेच्या बिलामागे आकडे मांडले.
खोडले. परत मांडले.
आकडे काही लाजेनं कमी होत नाहीत.

म्हणतात, फलाट आहे तिथे किल्ल्याचा दरबार होता.
शेजारच्या राज्याची गादी कुणाची,
ते एका राजानं इथे बसून ठरवलं.
तशी पाटी आहे.
तिच्याखाली लोक सँडविच खातात, गाडी चुकली म्हणून शिव्या देतात.
एल्स्पेथ लहानपणी माझी पाळी संपेपर्यंत
याच फलाटावर तळ्यात-मळ्यात खेळायची,
एकटीच हुकूम देणारी, एकटीच चुकणारी.

कॉलिनचं नाव आमच्याकडे कुणी काढत नाही.
माझा धाकटा भाऊ.
आयमथच्या धक्क्यावर, रात्री, मागे येणारी व्हॅन.
तिथल्या कोर्टात पंधरा माणसं बसली
आणि उठताना म्हणाली: सिद्ध झालं नाही.
दोषी नव्हे, निर्दोषही नव्हे.
दार उघडं नाही, बंद नाही,
वारा मात्र आत येतो.

वर्षातून दोन-तीनदा तो माणूस माझ्या खिडकीशी येतो.
डनबार. जाऊन-येऊन.
मी तिकीट देते. सुटे पैसे नीट मोजून देते.
हे मी घरी सांगितलेलं नाही.

परवा बटाटे सोलताना ती म्हणाली,
"आई, तो तिसरा निकाल आता त्यांनी मोडीत काढलाय."
मी म्हटलं, "मग आमचा कुठे गेला?"
"तुमचा आहे तिथेच आहे."
मी पाण्यात मीठ घातलं.
थोड्या वेळानं पुन्हा घातलं.

शनिवारी ती दोन्हीकडे जाऊन आली,
सकाळी दक्षिणेला, दुपारी उत्तरेला.
न्यूकॅसलची खोली छान होती म्हणाली, खिडकीतून पूल दिसतो.
एडिनबऱ्याचं काहीच बोलली नाही.
फक्त बूट काढले नाहीत रात्री उशिरापर्यंत.

आज बरणी जागेवर गेली आहे.
एक कागद फ्रीजवर.
दुसऱ्याच्या कोऱ्या बाजूला वडील तिला
जाळ्याची गाठ काढून दाखवतायत,
सुटते कशी ते नव्हे, धरते कशी ते.
मी उलटून पाहिलं नाही, गरज नव्हती:
वरचं टोक दुमडलेलं, तिथे पुलाचं चित्र.

रविवारच्या जादा पाळ्या मी मागून घेतल्या आहेत.
चार वर्षं.
तो माणूस रविवारी येतो की नाही,
ते आता कळेल.